एक तबकडी, तीन याद्या

१९८५ साली अमेरिकेतल्या लेक ताहो इथल्या हाय सिएरा हॉटेलात संगणकवाले जमले आणि सीडी सगळ्या यंत्रांवर चालावी असं ठरलं. त्यातूनच १९८८ साली आयएसओ ९६६० हे मानक आलं. एकमत झालं, पण सगळ्यात अडाणी यंत्राला झेपेल एवढंच: नावाला आठ अक्षरं, वर तीन अक्षरांचं शेपूट, सगळी कॅपिटल. इंग्रजी लिपीत 'लग्नाचे फोटो' लिहा. आठात बरोब्बर 'लग्नाचे' बसतं, फोटो मांडवाबाहेर.

मग मानपान सुरू झाले. मायक्रोसॉफ्टने चौसष्ट अक्षरांपर्यंतची नावं चालणारी 'जोलिएट' पद्धत आणली, युनिक्सवाल्यांनी 'रॉक रिज' (हे नाव मेल ब्रूक्सच्या विनोदी सिनेमातल्या गावाचं, म्हणजे निदान त्यांना तरी गंमत कळली होती), आणि ॲपलने स्वतःची एचएफएसच धरून ठेवली. या सगळ्यांना एका पंगतीत बसवणारं सॉफ्टवेअर म्हणजे मॅकवरचं 'टोस्ट' किंवा फुकटातलं 'एमकेआयएसओएफएस'. त्याची युक्ती झकास: फाइल एकदाच लिहायची, नावांच्या याद्या मात्र वेगवेगळ्या. आयएसओने तबकडीच्या सुरुवातीचे सोळा सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडले होते. मॅकची पाटी तिथे ठोकायची. विंडोज तिकडे बघत नाही, मॅक तिथूनच आत शिरतो. दोघंही समजतात, तबकडी खास आपल्यासाठीच.

एवढी सोय होईस्तोवर पेन ड्राइव्ह आला. तोही मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केला, की विंडोज विचारतं: पुसून टाकू का?