स्कॅनरशेठ

पनवेल भागात सगळेच शेठ. जमीन विकली तो शेठ, पाण्याचे टँकर फिरवतो तो शेठ, ज्याच्याकडे सुट्टे पैसे नाहीत असा रिक्षावालासुद्धा शेठच. विचुंब्यात आणखी एक आहेत, स्कॅनरशेठ. आयुष्य हिशेबखात्यात गेलं. हाताला कधी ग्रीस लागलेलं कुणी पाहिलं नाही. पण गाडीचे दोष वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा काडेपेटीएवढा स्कॅनर ऑनलाइन मागवल्यापासून सोसायटीतली एकही गाडी त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

कुणाच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की मालकाआधी वॉचमन त्यांना कळवतो. शेठ हाफ पँटीत खाली उतरतात आणि स्टिअरिंगखाली डोकं घालून १६ पिनांचं सॉकेट चाचपतात. "२०१३ नंतरची ना? मग बोलेल." गाडी बोलायच्या आधी तेच बोलतात. "दोषाच्या कोडात पी म्हणजे इंजिन-गिअर. बी म्हणजे बॉडी. सी म्हणजे चॅसी. आणि यू म्हणजे भाऊबंदकी! आतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत."

मोबाइलवर पी०१७१ उमटतो. इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. शेठ तत्काळ ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगतात. आता तो बिचारा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसून खरं तेच कळवत असतो. चोर असतो भलतीकडे, एखाद्या तडकलेल्या रबरी पाइपात. खरी साक्ष दिली म्हणून साक्षीदारालाच नोकरीवरून काढायचं, अशी ही न्यायपद्धती. पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरात मिसफायर, एवढंच कळतं. प्लग, कॉइल, इंजेक्टर की व्हॉल्व्ह, ते गाडी सांगत नाही. शेठ सांगतात.

पावसाळ्यात त्यांचा सीझन. गाढी नदी भरली, शेतात पाणी साचलं, की उंदीर कोरडी जागा शोधत बॉनेटमध्ये शिरतात. मागच्या पावसात एका गाडीला पी०३४० आला. कॅमशाफ्ट सेन्सरचं सर्किट. शेठनी सेन्सरची किंमत काढली, दोन दुकानांत फोन लावले, मालकाला मानसिक तयारी करायला सांगितली. तेवढ्यात गावातला मेकॅनिक आला. थोडा वेळ ऐकून घेऊन म्हणाला, "शेट, गारीचा बॉनेट त उघरा पयला." उघडलं. आत सुक्या गवताचं घरटं आणि कुरतडलेली वायर. त्याने वायर सोलली, जोडली, टेप गुंडाळली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. शेठ जराही वरमले नाहीत. "सर्किट म्हटलंच होतं मी!" आणि खरंच, म्हटलं होतं.

त्यांचं हुकमी अस्त्र म्हणजे 'क्लिअर'चं बटण. ते दाबलं की दिवा विझतो, मालक खूश होतो, चहा येतो. दोष उमटला तेव्हा इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, ही मेकॅनिकच्या कामाची नोंदही त्याच दाबण्यात पुसली जाते, पण तिचं कुणाला काय! बहुतेक दोषांत दिवा पुन्हा लागायला गाडीच्या निदान दोन फेऱ्या व्हाव्या लागतात. तेवढ्यात शेठची कीर्ती पनवेल स्टेशनपर्यंत पोचते.

मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींचा दिवा त्यांनी असाच विझवला आणि मंडळी लोणावळ्याला निघाली. खंडाळ्याचा चढ लागला आणि गाडी हिसके द्यायला लागली. फोन आला. शेठनी स्पीकर लावला, म्हणजे पार्किंगमधल्या सगळ्यांना ऐकू यावं.

"दिवा लागलाय की लुकलुकतोय?"

"काका, लुकलुकतोय!"

शेठचा चेहरा उजळला. "मग जोरदार मिसफायर! एक मीटरही पुढे नेऊ नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल. बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि मी येईपर्यंत कुणाला बॉनेट उघडू देऊ नका."

फोन ठेवून ते वॉचमनकडे वळले. "लोणावळ्याकडे कुणाची गाडी जातेय का बघ रे. दिवा न लागलेली."