वूफरभाऊ

वूफरभाऊंनी आजवर एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. गाणं लागतं, पहिला ठेका पडतो, भाऊ डोळे मिटतात, मान जराशी डावीकडे कलते आणि तिसऱ्या ठेक्याला डोळे उघडून ते विचारतात, "आला का?" आपण "काय?" म्हणालो की आपली किंमत झाली. "आला" म्हणून सुटावं, तर पुढचा प्रश्न तयार असतो : "कुठून आला? दारातून का सीटच्या मागून?" उत्तर सुचेपर्यंत दुसरं गाणं सुरू झालेलं असतं. कोळीगीत, कव्वाली, भीमगीत, गणपतीची आरती, सगळ्यांना भाऊंच्या दरबारी सारखाच न्याय. वीस-पंचवीस सेकंदं हजेरी लावायची आणि निघायचं. गायकाबद्दल त्यांचं मत विचारलं तर म्हणतात, "आवाज बरा आहे, पण मधे मधे येतो."

रेशनकार्डावर त्यांचं नाव वेगळं आहे, पण घाटकोपर पश्चिमेला असल्फाच्या चढावर ते नाव सांगून घर सापडणार नाही. वूफरभाऊ म्हणा, कुठलंही पोर थेट पिकअपपाशी आणून सोडेल. पांढरी बोलेरो पिकअप अंधेरी-घाटकोपर लिंक रोडला मेट्रोच्या खांबाशेजारी उभी असते. ८ जून २०१४ ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हा सगळं असल्फा हौसेने तिच्यात बसून आलं. भाऊ अजून चढलेले नाहीत. टाइमटेबल मात्र त्यांना तोंडपाठ आहे, कारण डोक्यावरून गाडी गेली की इकडे सेटिंग कळत नाही. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत बेस तपासायचा असतो. गाडी आली की भाऊ आवाज बंद करून, हाताची घडी घालून, वर बघत थांबतात.

पोटापाण्याचं काम वेगळंच. पहाटे तीनला वाशीचं भाजी मार्केट, तिथून घाटकोपरच्या बाजारात माल टाकायचा, दुपारी साकीनाका-मरोळच्या कंपन्यांची खोकी. भाड्याचे पैसे हातात पडले की भाऊ त्यांच्या तीन वाटण्या करतात : डिझेल, हप्ता आणि साउंड. घरखर्च साउंडमधून उरलेल्या पैशात भागतो. त्यामुळे ज्या माणसाच्या पिकअपच्या दारात इम्पोर्टेड स्पीकर आहेत, त्याच्या घरच्या टीव्हीचा एक स्पीकर कायम खरखरतो. वहिनी मालिका ऐकण्यापेक्षा बघतातच जास्त.

गाडी घेतली ती सगळ्यात स्वस्त मॉडेलची. तिच्यात आवाज करणारी एकच वस्तू कंपनीने बसवून दिली होती, ती म्हणजे हॉर्न. भाऊंनी नाक्यावरून एक टेप आणि दारातले दोन सहा इंची स्पीकर बसवून घेतले आणि काही काळ माणसासारखे जगले. मग २०१६ साल उजाडलं, 'सैराट' आला. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीताचं काही रेकॉर्डिंग थेट लॉस एंजेलिसला, तिकडच्या वादकांकडून करून घेतलं, ही बातमी भाऊंनी पेपरात वाचली आणि त्यांचं स्वास्थ्य गेलं. "माणसं अमेरिकेपर्यंत जाऊन व्हायोलिन वाजवून घेतात," ते मला म्हणाले, "आणि आपण ते पत्र्यात ऐकायचं? पाप लागेल, सर." पाप टाळण्यासाठी ते दुसऱ्याच दिवशी कुर्ल्याला गेले.

कुर्ल्याला गाड्यांच्या साउंडच्या एका गाळ्यात एक विशीतला पोरगा बसतो. भाऊंना तो 'शेठ' म्हणतो आणि भाऊ त्याला मनातल्या मनात गुरुजी म्हणतात. पहिल्याच भेटीत पोराने त्यांचा भ्रम फोडला. भाऊंनी आधी कुठूनसा एक अँप्लिफायर आणला होता, खोक्यावर छापलं होतं ५००० वॅट. पोरगा म्हणाला, "शेठ, हा पीएमपीओ आहे. क्षणभर फुटेपर्यंत ताणलं तर निघेल असा आकडा. तोही कागदावर. खरा आकडा आरएमएस, जो तासन्‌तास टिकतो. ह्याच्यातून पन्नास-साठ वॅट निघाले तर देवाला नारळ फोडा." आणि हिशोब मांडून दाखवला : खरेखुरे १००० वॅट काढायचे तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८० अँपिअरहून जास्त करंट ओढावा लागतो. पाच हजार वॅटला बॅटऱ्यांनी हौदा भरावा लागेल, मग भाजी कुठे ठेवणार?

त्या दिवसापासून भाऊंना जगाकडे बघायची दृष्टी मिळाली. पुढाऱ्याचं भाषण असो की बिल्डरची जाहिरात, ऐकून झालं की ते शांतपणे म्हणतात, "पीएमपीओ." भाचीला बघायला मुलुंडहून स्थळ आलं. पोहे झाले, मुलाच्या काकांनी मुलाचं वार्षिक पॅकेज सांगितलं. सगळे खूश. भाऊंनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "हा आकडा पीएमपीओ आहे का आरएमएस?" काकांना प्रश्न कळला नाही, मुलाला कळला. त्याने मान खाली घालून हातात येणारा पगार सांगितला. लग्न ठरलं, आणि भाऊंचा खानदानात दबदबा वाढला.

साउंडचं दुखणं असं की, प्रत्येक सुधारणेचं काम एकच, पुढची उणीव ऐकवणं. टेप बदलला तेव्हा स्पीकर फाटतोय हे कळलं. स्पीकर बदलले तेव्हा अँप कमी पडतोय हे कळलं. मोठा अँप लावला तेव्हा ठेका पडला की हेडलाइट मंद व्हायला लागले. रात्री ईस्टर्न एक्स्प्रेसवर भाऊंची पिकअप ढोलाच्या तालावर डोळे मिचकावत चालायची आणि पुढची गाडी डिपर समजून बाजूला व्हायची. भाऊंना हे आवडलं होतं. पण पोरगा म्हणाला, बॅटरी मरेल. मग जाड वायर, मोठी बॅटरी, नवा फ्यूज. ते झालं तर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून डासासारखा बारीक सूर निघायला लागला. पाय जेवढा खाली, सूर तेवढा वर. ते अर्थिंगचं. चॅसीचा रंग खरवडून, पत्रा उघडा करून वायर आवळली तेव्हा तो डास मेला.

एकदा तर नवे महागडे स्पीकर लावूनही बेस गायब झाला. भाऊंनी आधी अँपला दोष दिला, मग मोबाइलला, मग गाण्याला, शेवटी आपल्या कानाला, आणि राजावाडीत जाऊन कान तपासून आले. कान उत्तम निघाले, त्यामुळे ते जास्तच खचले. कुर्ल्याच्या पोराने घड्याळातला एक पेन्सिल सेल काढला, त्याच्या दोन वायरी स्पीकरला टेकवल्या. डाव्या दाराचा पडदा पुढे आला. उजव्या दाराचा मागे गेला. "एकाच्या वायरी उलट्या लागल्यात, शेठ. एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय. दोघं मिळून बेस खातायत." भाऊंनी त्या विझलेल्या पडद्यांकडे बघत सुस्कारा सोडला, "आमच्या घरात गेली वीस वर्षं हेच चाललंय." हे वाक्य वहिनींपर्यंत पोचलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "मग वायरी बदला की."

सबवूफर आला तेव्हा जागेचा प्रश्न आला. सिंगल केबिनच्या गाडीत सीटच्या मागे वीतभर फट, तिच्यात जॅक आणि पाने. भाऊंनी जॅक हौद्यात हलवला आणि तिथे चपटा डबा बसवला. छोट्या केबिनमध्ये खालचा सूर आपोआप चढतो, हे पोराने सांगितलं होतं ते खरं ठरलं. क्लिनरच्या पाठीत थेट ढोल वाजायला लागला. त्याने तक्रार केली नाही. क्रेट उचलून दुखणारी पाठ आता दुखत नाही, एवढंच म्हणाला. तक्रार झाली ती मानखुर्द लिंक रोडला टायर बसला तेव्हा. जॅक टोमॅटोच्या क्रेटांखाली होता. पहाटे साडेपाचला रस्त्याच्या कडेला भाऊंनी आणि क्लिनरने अख्खी गाडी उतरवली, जॅक काढला, चाक बदललं, अख्खी गाडी चढवली. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी गाडी थांबवून टोमॅटोचा भाव विचारला. भाऊंनी सांगितला. थोडे विकलेही.

मग दारांचे पत्रे थरथरायला लागले. नंबरप्लेट किणकिणायला लागली. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती ठेक्याठेक्याने सरकत दोन दिवसांत पूर्ण वळला आणि काचेकडे तोंड करून बसला. वहिनी घाबरल्या, म्हणाल्या बाप्पा पाठ फिरवतोय. भाऊंनी त्याचा फोटो काढून कुर्ल्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "बेस बघ." दारांना आतून डांबरासारखे जाड डॅम्पिंग शीट चिकटवल्यावर थरथर थांबली, बाप्पाला नवी टेप मिळाली. जूनमध्ये दारात पाणी उतरलं आणि जुन्या स्पीकरचे कागदी पडदे लगदा झाले, तेव्हा प्लास्टिकच्या पडद्याचे आले. मुंबईत कागदावर विश्वास ठेवायचा नाही, असा धडा भाऊंनी त्यातून काढला. तो स्पीकरपुरता होता असं नाही.

कायद्याबद्दल त्यांचा अभ्यास दांडगा आहे. मागच्या पाटीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' सरकारने २०१५ मध्ये बंद केलं, तेव्हा ते खरवडणाऱ्यांत भाऊ पहिले. मागचा हॉर्न मारतो आणि तो गाण्यात घुसतो, ही त्यांची जुनी तक्रार. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी त्यांची कोंडी केली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. आणि भाऊंना रस्ता मोकळा मिळतो तो नेमका पहाटे तीनला. सहानंतर नियम सैल होतो तेव्हा ते छेडानगरच्या सिग्नलला अडकलेले असतात आणि चारी बाजूंनी हॉर्न वाजत असतात. रात्री वाजवायची सोय शोधताना त्यांना नियमात बंद सभागृहाला सूट सापडली. एका मे महिन्यात पहाटे हवालदाराने गाडी अडवली तेव्हा भाऊंनी काच बोटभर खाली केली आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही काचा वर आहेत. बंद सभागृह." गाडीला एसी नाही. हवालदाराने टॉर्च मारली. आत भाऊ आणि क्लिनर घामाने निथळत होते, आणि ढोल वाजत होता. "सभागृहात निदान पंखा लावा," हवालदार म्हणाला, आवाज बंद करायला लावून त्याने गाडी सोडली.

सगळं जागच्या जागी बसलं तेव्हा भाऊंनी गुरुजींना विचारलं, "आता वॅट दुप्पट केले तर?" पोरगा खरं बोलतो, हा त्याचा धंद्यातला दोष आहे. म्हणाला, "तीन डेसिबल वाढेल. नीट कान दिला तर कळेल इतकं. दुप्पट मोठं वाटायला वॅट दहापट लागतात." भाऊ थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दहापटीचं कोटेशन काढ." तेव्हा पोराने शेवटचं शस्त्र बाहेर काढलं : "शेठ, आता दोष साउंडमध्ये नाही. डिझेल इंजिनाची घरघर खालच्याच सुरात असते. तुमचा बेस गाडी खाते."

म्हणजे एवढ्या वर्षांच्या शोधात गुन्हेगार पहिल्या दिवसापासून बॉनेटखालीच बसला होता. गाडीतला सगळ्यात मोठा खरखराट म्हणजे खुद्द गाडी. भाऊ तीन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी विजेच्या गाड्यांची माहितीपत्रकं घेऊन आले. टाटांचा छोटा हत्ती २०२२ मध्ये इलेक्ट्रिक झाला, तो इंजिनाशिवाय चालतो, म्हणजे घरघर नाही, हे त्यांना कळलं होतं. चढावर बातमी पसरली की वूफरभाऊ पर्यावरणाकडे वळले. गणेशोत्सव मंडळाने त्यांचा नारळ-शाल देऊन सत्कार केला. भाऊंनी तो गंभीरपणे स्वीकारला आणि माइक कुठल्या कंपनीचा आहे ते विचारलं.

शोरूममध्ये सेल्समन एका चार्जिंगवर किती किलोमीटर जाते, किती वजन उचलते, हे सांगत होता. भाऊंनी त्याला थांबवलं आणि दारात किती इंचांचा स्पीकर बसतो ते विचारलं. त्याने कधी मोजलं नव्हतं. भाऊंनी खिशातून टेप काढून मोजलं, मान हलवली आणि कर्जाचा फॉर्म मागितला. मी आणि वहिनी सोबत होतो. मासिक उत्पन्नाच्या रकान्यापाशी ते थांबले, छताकडे बघून विचार केला आणि एक आकडा लिहिला. तो वाचून वहिनींचा चष्माच खाली आला.

"अहो, एवढं आपल्याला कधी मिळालंय?"

"बँकेला पीएमपीओ द्यायचा असतो," भाऊ सही करत म्हणाले. "आरएमएस आपल्या घरात राहू दे."