मोजलेला देश
(युरोप सहलीची कार्यक्रमपत्रिका लिहिणाऱ्या अज्ञात लेखकास खुले पत्र)

महोदय,



सहलीच्या गुळगुळीत पुस्तिकेत मालकांचा हसरा फोटो असतो, मागच्या वर्षीच्या तृप्त काकूंचा अभिप्राय असतो. 'भरपेट नाश्ता करून प्रस्थान' हे अजरामर वाक्य ज्यांच्या लेखणीतून उतरते, त्यांचे नाव मात्र कुठेच सापडत नाही. पत्ता नाही, म्हणून पत्र उघड्यावर टाकतो आहे.

स्वित्झर्लंडहून ऑस्ट्रियाला जायच्या दिवशी आपण लिहिले होते : 'वाटेत लिश्टनस्टाइनची राजधानी फाडुट्स. टॉय ट्रेनची धमाल. खरेदीसाठी मोकळा वेळ.' एवढ्यावर मुखपृष्ठावरच्या देशांच्या आकड्यात एकाची भर पडली. १६० चौरस किलोमीटरचा, जेमतेम चाळीस हजार वस्तीचा एक सार्वभौम देश आपण तीन तुटक वाक्यांत उरकलात आणि त्यातले एक खरेदीला देऊन टाकलेत. शाळेत सारांशलेखनाला आपल्याला पैकीच्या पैकी गुण मिळत असणार.

निवडही दाद देण्यासारखी आहे. फाडुट्समध्ये विमानतळ नाही, रेल्वे स्टेशन नाही, सीमेवर बस कोणी अडवत नाही. वस्ती सहा हजारांच्या आत. शेजारचे शान गावसुद्धा या राजधानीपेक्षा थोडे मोठेच. संसद, सरकारी कचेरी, संग्रहालये, कॅथीड्रल सगळे श्टेट्ले नावाच्या एकाच रस्त्याच्या आसपास, आणि तो रस्ता गुडघे दुखणारी आजीसुद्धा हळूहळू पार करील. अशा शहरात काही पाहायचे राहून जाणे कोणालाही अवघड वाटेल. आपल्याला ते सहज साधले.

आता आपल्या धमालीकडे वळू. टॉय ट्रेन म्हणजे रबरी चाकांची गाडी. ती आम्हाला घेऊन निघाली आणि राजघराण्याच्या द्राक्षमळ्यापाशी पोचली. आमच्यात नाशिककडचे एक द्राक्ष बागायतदार होते. सबंध सहलीत बर्फाला, धबधब्याला, चॉकलेटला त्यांनी फक्त मान डोलावली होती. इथे मात्र ते ताडकन उठले. वेलींची छाटणी कशी आहे, दोन ओळींत अंतर किती, हे त्यांना खाली उतरून पाहायचे होते. गाडी थांबत नसते, असे कळले. पुढे श्टेट्लेवर त्यांना घड्याळांच्या आणि चाकूसुऱ्यांच्या दुकानात सोडण्यात आले आणि तिथे हवा तेवढा वेळ मिळाला. लिश्टनस्टाइनमध्ये येऊन स्विस घड्याळे पाहावीत ही दूरदृष्टी आपली, हे मी त्यांना सांगितले.

'किल्ल्याचे विहंगम दर्शन' असेही आपल्या टूर मॅनेजरने बसमध्ये जाहीर केले होते. विहंग वर असतो आणि आम्ही खाली होतो, पण ते सोडून देऊ. डोंगराच्या उतारावरच्या त्या किल्ल्यात राजघराणे राहते, म्हणून तिथे प्रवेश नाही. इथे आपण निर्दोष आहात. पण वर्षातून एकदा, राष्ट्रीय दिनी, किल्ल्याजवळच्या कुरणावर समारंभ होतो आणि सामान्य माणसांना किल्ल्याच्या बागेत पाहुणचाराला बोलावण्याची रीत आहे. तो दिवस कोणता? पंधरा ऑगस्ट! मराठी माणसाला ही तारीख पाठ करावी लागत नाही. आपल्या एवढ्या सहलींपैकी एकही त्या दिवशी फाडुट्सला पोचत नाही, हा योगायोग जमवायला काय परिश्रम पडले असतील!

या देशाच्या इतिहासात आपले एक सख्खे पूर्वज सापडतात, हे बहुधा आपल्याला ठाऊक नसावे. लिश्टनस्टाइन हे मूळचे घराण्याचे नाव. या धनाढ्य घराण्याला पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत आसन हवे होते आणि त्यासाठी थेट सम्राटाच्या अखत्यारीतली जमीन नावावर असावी लागे. म्हणून त्यांनी १६९९ साली शेलेनबेर्ग घेतले, १७१२ साली फाडुट्स घेतले. १७१९ साली सम्राटाने दोन्ही मिळून संस्थान केले आणि घराण्याचेच नाव त्याला दिले. आसन मिळाले, काम झाले. त्यानंतर गादीवरचा राजा पहिल्यांदा इथे पाऊल ठेवतो ते १८४२ साली! आणि राजाचा मुक्काम कायमचा इथे हलतो तो १९३८ साली. देश यादीत यावा म्हणून घ्यायचा, पाहायचे नंतर बघू : आपला धंदा तीनशे वर्षे जुना आहे, महोदय. फरक एवढाच की त्या राजांनी पैसे स्वतःच्या खिशातून भरले होते.

श्टेट्लेवर आधुनिक कलेचे संग्रहालय आहे, २००० सालचे. काळ्या बेसाल्टचे आणि नदीतल्या गोट्यांचे काँक्रीट घासून घासून इतके चकचकीत केलेले की अख्खी इमारत आरशासारखी दिसते. आमच्या मंडळींनी त्या भिंतीत पाहून केस नीट केले आणि फोटोसाठी पुढे गेली. दार कुठल्या बाजूला आहे हे विचारायला सवड नव्हती. जरा पुढे उतरत्या छपराची विटांची संसद आहे, पंचवीस सदस्यांची. या देशातल्या बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला तो १९८४ साली, तोही फक्त पुरुषांनी मते देऊन, काठावरच्या बहुमताने. आमच्या बसमधल्या निम्म्या बायका तोवर भारतात दोन-तीन लोकसभांना मते देऊन मोकळ्या झाल्या होत्या. हे त्यांना तिथे, त्या इमारतीसमोर कोणी सांगितले असते तर दिवसभर बसमध्ये अंताक्षरीची गरज पडली नसती.

मग आपला हुकमी एक्का : पासपोर्टवरचा शिक्का. लिश्टनस्टाइन २०११ पासून शेंगेनमध्ये आहे आणि स्वित्झर्लंडकडून येताना त्याआधीही कोणी हटकत नसे. त्यामुळे हा शिक्का सरकारी कामाचा नाही; पर्यटन केंद्रात फ्रँक मोजले की हौसेखातर मारून मिळतो. त्यासाठी आमची रांग लागली. ज्या देशाने १९१२ पासून स्वतःची टपाल तिकिटे काढून जगभरच्या संग्राहकांना वेड लावले आणि त्यासाठी याच रस्त्यावर संग्रहालय थाटले, तिथे आमच्या हाती पावतीसारखा तो शिक्का आला. देश मिळाल्याची पोच.

आणि जे खरोखर फुकट होते ते आपण दाखवलेच नाही. गावातून चालत अर्ध्या तासाच्या आत ऱ्हाइन नदी लागते. तिच्यावर १९०१ सालचा, छप्पर असलेला, १३५ मीटर लांबीचा लाकडी पूल आहे. त्यावरून फक्त पादचारी आणि सायकलवाले जातात. नदीच्या मध्यातून सीमा जाते, म्हणजे पुलाच्या अर्ध्यावर आपण लिश्टनस्टाइन सोडून स्वित्झर्लंडमध्ये शिरतो. पायी, तिकिटाशिवाय, रांगेशिवाय. देश मोजायचीच हौस असेल तर याहून स्वस्त सोय जगात थोडी असेल. आमची सीमा मात्र एसी बसमध्ये, डुलकीत ओलांडून झाली.

आपले उत्तर मला पाठ आहे. 'लोकांनाच जास्त देश हवे असतात, आम्ही काय करणार?' खरे आहे, लोक विचारतात. पण ते विचारतात, कारण आपल्या पुस्तिकेत दुसरा कुठलाच आकडा छापलेला नसतो. किती देश, किती रात्री, किती भारतीय जेवणे. एवढेच तुलनेला मिळाले तर गिऱ्हाईक तुलना तरी कशाची करणार? त्याच दिवशी पुढे ऑस्ट्रियात काचेच्या स्फटिकांच्या दालनाला आपण फाडुट्सच्या दुप्पट वेळ दिलात. हे छापले असते, तर निदान चारजणांनी तरी फोन करून विचारले असते.

म्हणून मागणी एकच आहे आणि ती अगदी साधी आहे. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आणि किती आहे हे छापावे लागते. तसे पुढच्या पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे छापा : मुक्काम इतकी मिनिटे, पैकी दुकानात इतकी, स्वच्छतागृहाच्या रांगेत इतकी, गाव पाहायला उरलेली इतकी. बाकी एक शब्द बदलू नका, नाश्ताही भरपेटच राहू द्या. मग देश वाढवा की कमी करा, आम्ही हिशेब करून पैसे भरू. ही एक ओळ छापायला आपला हात अडखळला, तर का अडखळला हे मात्र आम्हाला न छापताही कळेल.

कळावे. लोभ आहेच, तो आपल्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत दिसतो.

आपला,
मागून दुसऱ्या रांगेतला, खिडकीजवळचा प्रवासी