किल्ली रेडमंडला, कुलूप राजापेठेत

सिंचनाचा अनुशेष वऱ्हाडात किती दशकांपासून भरतोच आहे. बुद्धीचा अनुशेष मात्र सरकारने एका दुपारी भरून काढला. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टचे सत्या नाडेला यांच्या साक्षीने मुख्यमंत्री फडणवीसांनी जाहीर केले, की पोलीस तपासाला मदत करणारी 'महाक्राइमओएस' ही एआय प्रणाली राज्यातल्या १,१०० ठाण्यांत जाणार. चाचणी आधीच झाली होती, नागपूरच्या २३ ठाण्यांत. (पहिले नागपूर, मग उरलेला विदर्भ. या प्रथेला कुठलीच बुद्धी हात लावत नाही, ना खरी ना कृत्रिम.)

म्हणजे उद्या अमरावतीच्या राजापेठ ठाण्यातला जमादार यंत्राला फिर्याद ऐकवेल आणि यंत्र त्याला तपासाची दिशा सुचवेल. झकास! फक्त हा सारा कारभार चालतो मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउडवर. संगणक भले पुण्यात असोत, किल्ली कंपनीच्या मुख्यालयी, अमेरिकेतल्या रेडमंडला. कायद्याने फुकट मिळणारी फिर्यादीची नक्कल मागितली, तर फिर्यादीला 'उद्या या' म्हणणारे खाते अख्खी तपासाची वही परक्याच्या कपाटात ठेवते, तेव्हा त्याला आधुनिकीकरण म्हणायचे असते.

कंपनी काय कुलूप लावणार आहे का, असे विचारणाऱ्यांनी गुजरातेत वाडीनारला जाऊन यावे. तिथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीत रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीची भागीदारी. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरावर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद केले. कारखाना गुजरातचा, कायदा ब्रसेल्सचा, बटण अमेरिकेचे! नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत आली. तिला वकील परवडले. अकोल्याच्या रामदासपेठ ठाण्याने कोणाकडे फिर्याद द्यावी? आणि ती लिहून घेणार कशावर?

तसे शत्रूकडे आमचे लक्ष नसते असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. पुढच्या मार्चमध्ये राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताचा संशय सांगितला; केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. घातपात करणाऱ्यालाही आपल्याकडे श्रेय सुखासुखी मिळत नाही.

समजा, रेडमंडहून खरेच बटण दाबले गेले. प्रशासनाला अनुभव दांडगा आहे. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा पंचेचाळिशीपार गेला, तेव्हा उन्हापायी जिल्ह्यात कलम १४४ लागले होते. तेच अझूरला लावू: पाच किंवा अधिक सर्व्हरांनी एकत्र जमू नये.

राहिला आमच्या कल्पनेतला एक जुना जमादार. तो म्हणतो, "लाईन गेली का कागदावरच लिवा लागते, साहेब. म्हून म्या कार्बन जपून ठेवला हाय." गृहखात्याने हा कार्बन तातडीने संरक्षण साहित्य म्हणून घोषित करावा. फक्त त्याच्या साठ्याची नोंद महाक्राइमओएसवर करू नये.