ए-मायनसचा आजचा भाव

माझ्या भाचीला नाडीदोष आहे. जन्मपत्रिकेत नव्हे, गुणपत्रिकेत.

आपल्याकडे लग्न जुळवताना छत्तीस गुण मोजतात. त्यांतले आठ एकट्या नाडीचे. वर्णाला बिचाऱ्याला एकच. अठरा जुळले की पास, पण बाकीचे अठ्ठावीस जुळूनही एकनाड निघाली, तर गुरुजी चष्मा काढून पुसायला लागतात. भाचीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत 'सी' मिळाला. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा घेऊन तिने 'ए' काढला. तरीही गेले नऊ महिने न्यू जर्सीतल्या तिच्या घरात त्या एका 'सी'ची शांत चालू आहे.

ती डी.ओ. व्हायला निघाली आहे. बहिणीने हे फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, गडबडीत 'बी' ऐकू आला नाही. पोरगी न्यू जर्सीहून येऊन पंचायत समितीत बसणार. आईला वाटलं, अंगावर फवारायचा डिओ. 'ऑस्टिओपॅथिक' हा शब्द उच्चारल्यावर काका म्हणाले, "म्हणजे होमिओपॅथीच ना, पण हाडांची?" तिघेही चुकलो. डी.ओ. म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. अमेरिकेत पुरता डॉक्टर होण्याच्या दोन वाटा आहेत, एम.डी. आणि डी.ओ. दोघंही औषधं लिहून देतात, पोट फाडतात, शिवतात. डी.ओ.वाल्यांना त्याशिवाय हाडं, स्नायू आणि सांधे हाताने चाचपून उपचार करण्याचं सुमारे दोनशे तासांचं शिक्षण जास्तीचं असतं. इंग्लंडातला ऑस्टिओपॅथ मात्र असा डॉक्टर नसतो. शब्द तोच, माल वेगळा.

काकांचं 'हाडांची' तितकंसं चुकलं नव्हतं म्हणा. हे शास्त्र काढणारे अँड्र्यू टेलर स्टिल आपली जाहिरात झटपट हाडं बसवणारा म्हणूनच करत. 1864 साली मेंदूज्वराने त्यांची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वासही गेला. 1874 मध्ये त्यांनी आपली नवी पद्धत जाहीर केली, 1892 मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिल या आडगावात शाळा काढली. पहिल्याच तुकडीत बायकाही होत्या. त्या शाळेत शिरायला किती जीपीए लागत होता, हे मी भाचीला विचारलं. ती हसली नाही. या घरात हल्ली जीपीएवर विनोद चालत नाहीत.

जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी, हा आकडा आपल्या टक्क्यांसारखा भोळा नसतो. गुणपत्रिका एकच, पण ती ज्या खिडकीत द्याल तिथला गुमास्ता आपापल्या तराजूवर वजन करतो. एम.डी.च्या अर्जाची खिडकी वेगळी, डी.ओ.ची वेगळी, टेक्सासची आणखी वेगळी. डी.ओ.च्या खिडकीत 'ए-मायनस'चे 3.7 आणि 'बी-प्लस'चे 3.3 मिळतात. टेक्सासच्या खिडकीत शेपट्या चालत नाहीत. तिथे 'ए-मायनस' सरळ 4 होतो आणि 'बी-प्लस' सरळ 3. म्हणजे मायनसवाल्याची दिवाळी, प्लसवाल्याचं दिवाळं. शेजारच्या कॅनडात ओंटारियोची खिडकी आणखी सोवळी: तिथे प्रत्येक विद्यापीठाचे गुण कोणत्या कोष्टकाने मोजायचे ते ठरलेलं आहे, आणि साध्या 'ए'चे 3.9. चारला चार हवे असतील तर 'ए-प्लस' आणा.

गणिताची कथा न्यारीच. एम.डी.च्या खिडकीत विज्ञानाच्या जीपीएत गणित धरतात, डी.ओ.च्या खिडकीत धरत नाहीत. भाचीला कॅल्क्युलसमध्ये 'बी-मायनस' आहे. त्यामुळे एकच मुलगी, एकाच दुपारी, एकाच टेबलावर बसून एका अर्जात विज्ञानात बरी आणि दुसऱ्यात फार बरी असते. तिचे बाबा, म्हणजे आमचे भाऊजी, इंजिनियर. त्यांनी सगळ्या खिडक्यांचा एक भला मोठा तक्ता करून फ्रिजवर लावला आहे. दूध काढायला गेलं तरी भाव वाचावा लागतो.

पूर्वी डी.ओ.च्या खिडकीत एक मोठी सोय होती. नापास किंवा कमी मार्कांचा विषय पुन्हा घेतलात तर जुना ग्रेड पुसला जाई आणि नवाच धरला जाई. गंगेत बुडी मारली, पाप गेलं. अनेकांची गाडी याच सोयीने रुळावर आली. ती 2017 साली बंद झाली. आता 'सी'चे 2 आणि 'ए'चे 4 दोन्ही मोजतात, सरासरी 3. भाचीने गंगेत बुडी मारली खरी, पण घाटावर बसलेल्या कारकुनाने पाप आणि पुण्य दोन्ही वहीत लिहून घेतलं.

भाऊजींचं या बाबतीतलं कडवट बोलणं मी समजू शकतो. ते 1994 साली पुण्यातून 62 टक्के घेऊन निघाले. घरात तेव्हा सुतकच होतं, कारण आतेभावाला 71 होते. अमेरिकेत गेल्यावर परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या संस्थेने त्या बासष्टाकडे पाहिलं, फर्स्ट क्लास असं वाचलं आणि 'ए' लिहून दिला. आतेभावाचा एकाहत्तरही 'ए'च. नऊ टक्क्यांचं जन्मभराचं दुःख एका शिक्क्यात विरघळलं. "माझ्या बासष्टाला ए, आणि हिच्या चारपैकी साडेतीनाच्या वर असूनही धाकधूक," असं ते म्हणतात तेव्हा बहीण डोळ्यांनी खुणावते की विषय बदल.

विषय बदलला की वाट पाहण्यावर येतो. आपल्याकडे दहावीचा निकाल एका दिवशी, दुपारी एक वाजता. दीड वाजता पेढे किंवा रडारड, दोनला जेवण. तिकडे अर्ज सुरू होतो मे महिन्यात. मग बहुतेक महाविद्यालयं पुरवणी अर्ज मागवतात, त्यात 'आमच्याकडेच का?' याचं उत्तर वेगळ्या फीसह लिहायचं. मग मुलाखतीचं बोलावणं, किंवा नुसतं मौन. जसजसे अर्ज येतील तसतशा जागा भरत जातात, याला 'रोलिंग' म्हणतात. आपल्या भाषेत बुफे. लवकर आला त्याला जिलबी, उशिरा आला त्याला पाक. भाचीच्या नशिबी एका ठिकाणी प्रतीक्षायादी आणि दोन ठिकाणी मौन आलं आहे. ती यादी वर्ग सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत हलू शकते, म्हणजे सामान बांधून ठेवायचं पण कुठल्या गावचं ते ठाऊक नाही. ज्यांना लवकर होकार येतो त्यांचीही सुटका नसते. जागा धरून ठेवायला हजार-दीड हजार डॉलर भरायचे, आणि दुसरीकडे बरं स्थळ आलं तर ते बुडाले म्हणून समजायचं.

या दिवसांत माणूस शकुन पाहायला लागतो. पोर्टलवर 'अंडर रिव्ह्यू' ऐवजी 'कम्प्लीट' आलं, याचा अर्थ काय? महाविद्यालयाचं पत्र शुक्रवारी येतं की मंगळवारी? मागच्या वर्षी होकार आलेल्या मुलीचा एमकॅट किती होता? एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा आकडाही और आहे. तो शून्यापासून सुरूच होत नाही, 472 पासून 528 पर्यंत जातो. कोरा पेपर देणाऱ्यालाही 472. आमच्या गणिताच्या सरांना हे कळलं असतं तर त्यांनी राजीनामा दिला असता.

आणि एवढं दशांशचिन्हांचं रामायण करून आत शिरलं की पहिला मोठा टप्पा नुसता पास-नापास. एम.डी.वाल्यांची यूएसएमएलई आणि डी.ओ.वाल्यांची कॉमलेक्स, या दोन्ही परवाना-परीक्षांच्या पहिल्या पायरीचे आकडे 2022 साली काढून टाकले. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. ताण शहाणा, तो जिना चढून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसला, कारण तिथे आकडे अजून आहेत. डी.ओ.ची बरीच मुलं दोन्ही परीक्षा देतात. दोन्हींची फी भरतात हे वेगळं सांगायला नको.

डी.ओ. की एम.डी. या अक्षरांची प्रतिष्ठा किती रुपयांची असते, याचा मात्र अधिकृत भाव उपलब्ध आहे. 65 डॉलर. 1962 साली कॅलिफोर्नियात डी.ओ. आणि एम.डी. यांच्या संघटनांनी समेट केला. डी.ओं.नी 65 डॉलर भरायचे आणि एम.डी.ची पदवी घेऊन जायची. त्यांतल्या बहुतेकांनी ती घेतली. काल हाडवैद्य म्हणून नाक मुरडलं जात होतं, आज तीच माणसं, तेच हात, तीच औषधाची चिठ्ठी, फक्त पाटी बदलली. नव्या डी.ओं.ना तिथे परवाना देणं बंद झालं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते 1974 मध्ये पुन्हा सुरू करायला लावलं. आज अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त डी.ओ.चे आहेत. ट्रम्प यांना 2020 साली करोना झाला तेव्हा व्हाइट हाउसचे डॉक्टर होते शॉन कॉन्ली, डी.ओ. नंतर बायडेन आले, त्यांचे डॉक्टर केविन ओ'कॉनर, तेही डी.ओ. त्या दोन घरांचं एकमत झालेली ही बहुधा एकच गोष्ट असावी.

पण आमच्या नात्यागोत्यात हे पोचलेलं नाही. भाचीचे एक लांबचे मामा तिकडेच डॉक्टर आहेत. ते इथून एम.बी.बी.एस. होऊन गेले आणि तिथल्या परीक्षा देऊन नावापुढे एम.डी. लावू लागले. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यात गैर काहीच नाही. गणपतीच्या जेवणाला मोदक फोडत तेच भाचीला म्हणाले, "डी.ओ. ठीक आहे गं, पण एम.डी.चं नाहीच का जमत?" भाचीने मोदकावर तूप वाढलं, दोन चमचे जास्तच. हृदयाला ते चांगलं नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

बहिणीकडची मंडळी मे महिन्यात पुण्यात येत आहेत. तोवर यादी हलेल किंवा हलणार नाही. भेटायला येणाऱ्यांना एवढीच विनंती: 'निकालाचं काय झालं?' आणि 'डी.ओ.नंतर एम.डी. कधी?' हे दोन प्रश्न सोडून काहीही विचारा. लग्नाचं विचारलंत तरी चालेल, असं भाचीने स्वतः कळवलं आहे.