काठीचे रंगकर्म
(हौशी गळवाल्यांसाठी गृहोपयोगी मार्गदर्शिका)

मासे पकडायच्या काठीला रंग दिल्याने मासे जास्त लागत नाहीत. ही गोष्ट पहिल्याच वाक्यात नोंदवलेली बरी, म्हणजे पुढे कुणी भरपाई मागणार नाही.

प्रयोजन

मूठ, रीळ सीट आणि गाइड चढण्याआधीची पोकळ, निमुळती नळी म्हणजे ब्लँक. रेझिन मुरवलेले कार्बनचे किंवा काचतंतूंचे कापड पोलादी सळईवर गुंडाळायचे, वरून पट्टी आवळायची, भट्टीत भाजायचे आणि सळई ओढून काढायची. एवढ्याने ब्लँक तयार होतो. मासा ओढायला लागणारे सगळे बळ त्यात तेव्हाच आलेले असते. पुढचे सर्व आपण हौसेने ओढवून घेतो.

खाडीच्या गढूळ पाण्यातल्या जिताड्याला काठीचा रंग दिसत नाही. न्यूझीलंडच्या नितळ नद्यांतल्या ट्राउटला दिसू शकतो, आणि म्हणूनच तिथले जाणकार चकचकीत काठी पाहून नाक मुरडतात. उन्हात ती लकाकली की मासा बुजतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडोची स्कॉट कंपनी तर आपल्या कार्बनच्या फ्लाय रॉडना घासतही नाही आणि रंगवतही नाही. तात्पर्य, रंग माशाला दिसत नाही, आणि दिसलाच तर मासा पळतो. तरीही काठी रंगवायची असते, कारण धक्क्यावर शेजारी जो उभा असतो तो मासा नसतो. त्याला सगळे दिसते.

मुहूर्त

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. आपल्याकडे नौका नाही, पण समुद्र खवळलेला असल्याने खडकावरून गरवणेही बंदच. कोळीवाड्यात होड्या शाकारून ठेवतात, त्यांची डागडुजी होते, नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना रंग चढतो. ते पाहून आपणही काठी रंगवायला घ्यावी, असे वाटू लागते. वाटू देऊ नये. पावसाळी हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतले बाष्प बसते आणि काळाभोर लॅकर दुधाळ पडतो.

रंगाला उत्तम हवा डिसेंबरची, कोरडी. परंतु डिसेंबरात समुद्र शांत असतो आणि समुद्र शांत असताना जो घरी बसून काठी रंगवतो, त्याला कुणी गळवाला म्हणत नाही. उरला मे. मे महिन्यात घाम थेट ब्लँकवर पडतो. एकूण, योग्य मुहूर्त अस्तित्वात नाही हे एकदा मान्य केले की कामाला केव्हाही सुरुवात करता येते.

पूर्वतयारी

ब्लँकवर कंपनीचा मूळ थर असेल तर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने त्याची चकाकी तेवढी मारावी. पाणी पांढरट येत आहे तोवर आपण थर घासत आहोत. काळे आले की आपण काठी घासत आहोत. तंतू कापले गेले की तिथली ताकद गेली, आणि ती कोणत्याही रंगाने परत येत नाही. काळे पाणी पाहून "आता मस्त निघतंय" असे म्हणणाऱ्याच्या हातून पेपर काढून घ्यावा.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्लँक पुसावा आणि त्यानंतर त्याला हात लावू नये. बोटांचे तेल, मेण किंवा सिलिकॉन पृष्ठभागावर राहिले तर रंग तिथून मागे सरकतो आणि गोल खळगे पडतात. घरात कुणी केसांना सिरम लावत असेल, तर त्या व्यक्तीला त्या दिवशी माहेरी किंवा ऑफिसला पाठवावे.

काठी दोन तुकड्यांची असेल तर जोडाच्या आतल्या भागावर मास्किंग टेप लावायला विसरू नये. जोडावर रंग चढला तर काठी एक तर जुळत नाही किंवा जुळते ती कायमची. नऊ फुटांची अखंड काठी लिफ्टमधून नेण्याचे शास्त्र वेगळे आहे. ते या पुस्तिकेत नाही.

रंग

टोकाकडच्या भागाला रंग देऊ नये. टोकावर वजन वाढले की फेक संपल्यावरही काठी थरथरत राहते आणि तिची चपळाई जाते. रंगाची सगळी हौस मुठीच्या वरच्या दीड-दोन फुटांत भागवावी. हे सर्वांना पटते आणि कुणीही पाळत नाही, कारण मोराच्या निळ्यातून जांभळ्यात विरघळत जाणारी छटा दीड फुटांत मावत नाही.

कँडी रंग पारदर्शक असतो. त्याच्याखाली चंदेरी थर लागतो, वर कँडीचे पातळ हात आणि त्यावर क्लिअर. दोन हातांच्या मध्ये वाळायला वेळ द्यावा. जाड हात एकदाच देऊन वेळ वाचवणाऱ्याचा रंग ओघळतो, आणि ओघळ घासायला वाचवलेला वेळ पुरत नाही.

मोटारींचा टू-के रंग वापरायचा असेल तर एक गोष्ट थट्टेची नाही: त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्याने फुप्फुसे कायमची बिघडू शकतात. रुमाल किंवा कापडी मास्क निरुपयोगी आहे. हे काम मोटार रंगवणाऱ्याच्या स्प्रे बूथमध्येच करून घ्यावे. इतर रंग गच्चीवर फवारताना वाऱ्याची दिशा, खाली उभी असलेली सेक्रेटरींची पांढरी गाडी आणि वाळत घातलेले पापड यांचा एकत्रित विचार करावा.

क्लिअर कोट

ब्लँकसाठी बरेच कारागीर हवेतल्या दमटपणावर घट्ट होणारे युरेथेन वापरतात. आपल्या किनाऱ्यावर दमटपणाची टंचाई नाही. त्यामुळे काठीआधी बाटली वाळते. झाकणाला बारीक छिद्र पाडून लागेल तेवढेच सिरिंजने ओढावे आणि छिद्र लगेच बंद करावे.

फोमच्या तुकड्याला छिद्र पाडून तो युरेथेनमध्ये भिजवावा आणि ब्लँकवरून एका दमात, न थांबता ओढत न्यावा. मध्ये थांबल्यास तिथे कडे उमटते. फोन याच वेळी वाजतो. खिडकी उघडी ठेवल्यास धूळ येते, बंद ठेवल्यास वासाने डोके चढते. उघडीच ठेवावी, धूळ नंतर घासता येते.

काठी वाळेपर्यंत पंखा बंद. यावर घरातून प्रश्न येतो, "अहो, पंखा लावू का?" "पाचच मिनिटं" हे उत्तर विधिसंमत आहे. ते रात्रीपर्यंत पुन्हा पुन्हा देता येते. ओल्या थरावर डास बसला तर बोटाने काढू नये. पूर्ण वाळू द्यावा, मग २००० नंबरचा पेपर आणि पॉलिशिंग कंपाउंड वापरावे. पाय राहिला तर ती नक्षी आहे असे सांगावे.

गाइड ब्लँकला बांधणाऱ्या दोऱ्यावरचे इपॉक्सी ही वेगळी वस्तू. ते जड असते, म्हणून सबंध ब्लँकला फासू नये. दोन्ही भाग दोन वेगळ्या सिरिंजने मोजावेत. अंदाजपंचे मिसळलेले इपॉक्सी वर्षभर चिकट राहते. मग ते खाली ओघळू नये म्हणून काठी मोटरवर सावकाश फिरत ठेवावी. मायक्रोवेव्हची तबकडी फिरवणारी मोटर याला चालते. ती मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटी मिळते. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह उघडू नये, त्यातला विजेचा झटका आणि घरातला झटका दोन्ही जबर असतात. चालू करताना ही मोटर कधी डावीकडे फिरते, कधी उजवीकडे. इपॉक्सीला दोन्ही सारखेच.

शंकासमाधान

*रंगामुळे काठी विजेपासून सुरक्षित होते का?*
नाही. कार्बनमधून वीज वाहते आणि रंगाच्या थराने ती अडत नाही. ढग गडगडले की काठी खाली ठेवावी आणि उघड्यावरून निघावे.

*रंग किती दिवस टिकतो?*
खडकावर पहिल्यांदा टेकेपर्यंत.

*इतके करून शिंगाळाच लागला तर?*
शिंगाळ्याच्या काट्यात विष असते. तो पक्कडीने सोडवावा. बाकी त्यालाही काठीचा रंग दिसलेला नसतो, तेव्हा मन लावून घेऊ नये.

*आणि काठीच मोडली तर?*
काठ्या माशाने क्वचित मोडतात. गाडीच्या दारात, लिफ्टमध्ये आणि छताच्या पंख्यात मोडतात. तुकडे फेकू नयेत. पुढच्या ब्लँकसाठी नवी छटा जमते की नाही, हे पाहायला त्यांच्याइतका चांगला नमुना बाजारात मिळत नाही.