मंत्री पुण्याचे, गाणी सिलोनची

बीबीसीच्या रीथसाहेबांनी 1930च्या दशकात ब्रिटनचा रविवार प्रार्थना, प्रवचन आणि भारदस्त संगीताला वाहून टाकला. श्रोत्यांनी वाद घातला नाही. काटा फिरवून रेडिओ लक्झेंबर्ग लावलं. यातून काही शिकेल तर ते सरकार कसलं? 1952 साली आपल्याकडे नभोवाणी खातं आलं पुण्याच्या बा. वि. केसकरांकडे, आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. बाजाची पेटी बिचारी 1940पासूनच बाहेर होती.

हैदराबादेत नारायणगुड्यातल्या मराठी घरांची मोठी पंचाईत. मंत्री आपला माणूस, त्यातून रागदारीचा कैवारी. नावं कशी ठेवणार? मग रविवारी सकाळी पाहुण्यांसमोर हैदराबाद केंद्राचा ख्याल, माना डोलावणं, 'वा, वा'. पाहुण्यांची पाठ फिरली की काटा रेडिओ सिलोनवर. साडेसातच्या जुन्या गाण्यांत शेवटचं सैगलचं; ते हुकलं तर चहा गोड लागत नसे. शॉर्टवेव्हवरचा आवाज मधेच बुडायचा, खरखरायचा, की घरातलं कुणीतरी एरियलची तार धरून उभं.

"काका, काय लागलंय हो?" शेजारून विचारणा.

"बातम्या!"

सैगल 1947 सालीच गेला होता. या बातम्यांत मात्र रोज गात होता.

रेडिओच्या परवान्याचे पैसे अर्थात दरवर्षी पोस्टात, भारत सरकारलाच जायचे. 3 ऑक्टोबर 1957ला विविध भारती सुरू झाली आणि सरकार स्वतःच सिनेमाची गाणी वाजवू लागलं. खातं तेव्हाही केसकरांकडेच होतं.